जर्मनीत राहून चांगलं मेक्सिकन जेवण कुठे मिळेल? घरी करायचं तर टॉर्टियाऐवजी चपाती चालेल का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही स्टुटगार्टजवळ राहता, शाकाहारी आहात आणि इथल्या हॉटेलांतले बरिटो (टॉर्टियात, म्हणजे मेक्सिकन पोळीत, सारण भरून केलेली गुंडाळी) बेचव लागतात. पुढे म्हणता, "घरी चपाती घेतली तर काय बिघडलं, आत शेवटी राजमाच असतो ना?" हॉटेलांचं मी खाली सांगते. पण लिहायला बसले ते या शेवटच्या वाक्यासाठी. हेच वाक्य २०१८ साली माझ्या थोरल्या दिरांनी भर पंगतीत म्हटलं होतं आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं.

नाही चालत. चपाती चालत नाही आणि राजमाही चालत नाही.

आम्ही २०१४ ते २०१७ अशी चार वर्षं पुएब्लाला होतो. नवरा गाड्यांच्या कारखान्यात, आणि मी सोलापुरातली नोकरी सोडून त्याच्यासोबत गेलेली. शहर सुमारे २१०० मीटर उंचीवर, त्यामुळे सोबत कुकर नेला नसता तर कडधान्यं दिवसभर शिजत बसली असती. गच्चीवरून पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी धुमसताना दिसायचा. भाषा येत नव्हती, ओळखीचं कोणी नव्हतं. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायच्या, सत्तरीच्या. रोज रात्री त्या पांढरा मका चुन्याच्या पाण्यात उकळून तसाच झाकून ठेवत. सकाळी तो चोळून धुवायचा, बादलीत भरायचा आणि कोपऱ्यावरच्या मोलिनोत, म्हणजे गिरणीत, दळायला न्यायचा. आपल्याकडे कोरडं धान्य दळून आणतात, तिथे ओलं. पहिल्या महिन्यात मी नुसती बादलीची दुसरी बाजू धरायला जायची. रांगेत उभ्या बायका बोलायच्या ते ऐकत ऐकतच माझी स्पॅनिश झाली.

या चुन्यात शिजवलेल्या मक्याला निश्तामाल म्हणतात आणि मेक्सिकन स्वयंपाकाचा पाया तोच आहे. चुन्यामुळे दाण्याचं साल सैल होऊन सुटतं, पिठाला चिकटपणा येतो, वास बदलतो. मक्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं तेही त्यामुळेच. मका युरोपात आला, पण चुन्याची रीत मागेच राहिली. म्हणून उत्तर इटलीत पोलेंटावर, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीवर, जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग झाला, कातडी सोलवटली, माणसं भ्रमिष्ट झाली. मेक्सिकोच्या खेड्यांत हजारो वर्षं मकाच खाऊन लोकांना ते झालं नाही. टॉर्टिया होते ती याच मक्याच्या पिठाची. तिला कोणी "मक्याची भाकरी" म्हणून मोकळं झालं की मला राग येतो तो यासाठी.

१९ सप्टेंबर २०१७ चा भूकंप तुम्ही बातम्यांत पाहिला असेल, ७.१ तीव्रतेचा. १९८५ चा मोठा भूकंपही याच तारखेचा, त्यामुळे सकाळीच त्याच्या स्मरणाची कवायत झाली होती. दुपारी एकनंतर खरोखरच जमीन हलली. आमचं घर उभं राहिलं, भिंतींना भेगा गेल्या. गल्लीतली वीज गेली, मोलिनो बंद. आदल्या रात्रीचा शिजवलेला मका घरात तसाच होता आणि आत जायला घाबरणारे शेजारी सगळे अंगणात बसलेले. सेन्योरांनी, म्हणजे घरमालकिणींनी, जिन्याखालून मेताते काढायला लावला. मेताते म्हणजे त्यांचा पाटा, काळ्या ज्वालामुखी दगडाचा, तीन पायांचा, पुढच्या बाजूला उतरता. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून मी बसले. आपल्या पाट्यासमोर आपण बसतो, मेतात्यासमोर गुडघे टेकतात आणि वरवंटा दोन्ही हातांनी पुढे ढकलत नेतात. आजीच्या पाट्यावर लहानपणी वाटलेल्या चटण्यांचा थोडा उपयोग झाला, बाकी हात सोलले. तीन वेळा वाटल्यावर पीठ हवं तसं मऊ झालं. मी हातावर थापत होते, त्या कोमालवर, म्हणजे तव्यावर, टाकत होत्या. चार वर्षांत त्यांनी माझ्या हातचा गोळा परत घेऊन पुन्हा मळला नाही असा तो पहिला दिवस. अंधार पडेपर्यंत सगळ्या गल्लीने गरम टॉर्टिया खाल्ल्या, आत फक्त मीठ, गुंडाळी करून. ज्यांच्या घराचं छत खाली आलं होतं तेही खात होते.

चार महिन्यांत आम्ही जर्मनीत आलो. पुढच्या गणपतीत दिरांकडे पंचवीस माणसं होती. दुसऱ्या दिवशीचं जेवण मी करते म्हटलं. दोन दिवस खपले, ऐंशी टॉर्टिया, काळ्या घेवड्याची उसळ, भाजलेल्या टोमॅटोचा साल्सा, भोपळ्याच्या फुलांची भाजी. भावजींनी पहिला घास घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, ही तर मक्याची भाकरी आणि ठेचा. एवढं शिकायला चार वर्षं लागली? त्यापेक्षा चपातीत राजमा भरला असता तर काय बिघडलं असतं?" सगळे हसले. वयाने मोठे, त्यांच्याच घरात, मी काय बोलणार? पण ती चार वर्षं म्हणजे नोकरी सोडून घरी बसलेली चार वर्षं असाच हिशेब सासरी होता, आणि त्या वाक्याने तो पक्का झाला असं मला वाटलं.

तर आता उत्तर. साध्या मक्याच्या पिठाचा आणि निश्तामाल पिठाचा एकेक गोळा कोमट पाण्यात मळा, दोन्ही प्लास्टिकच्या कागदांत दाबा. साध्या पिठाची कड फाटेल, आणि भाजून दुमडलीत तर मधोमध तुटेल. मक्याची रोटी म्हणूनच ताटात मोडून खातात. दुसरी गरम असताना घडी घाला, तुटत नाही. टॅको, म्हणजे सारण भरून दुमडलेली टॉर्टिया, उभा राहतो तो त्या घडीवर. चपातीची घडी होते हे खरं, पण चव गव्हाची, आणि रस्सा लागला की ती ओली होऊन लोंबते. ही परीक्षा मी गेल्या वर्षी भावजींसमोर माझ्या ओट्यावर केली. त्यांनी सात खाल्ल्या आणि "पीठ महाग असेल" एवढंच म्हणाले. मी ते हार मानल्यात धरते.

तुम्ही घ्यायचं ते पीठ मासा आरिना. (यातला मासा म्हणजे मळलेलं मक्याचं पीठ.) पाकिटावर "निश्तामालिसादो" असा शब्द असतो आणि घटकांत मका आणि चुना. पोलेंटा नको, मक्याचा स्टार्च नको, आणि आरेपाचं, म्हणजे मक्याच्या जाड पोळीचं, व्हेनेझुएलाचं पीठ तर मुळीच नको. ते आधीच शिजवलेलं असतं, पण चुन्यात नाही. मी ती चूक करून दोन किलो पीठ वाया घालवलंय. २५० ग्रॅम पिठाला साधारण ३३० मिलिलिटर कोमट पाणी, अर्धा तास झाकून ठेवा. गोळा दाबल्यावर कडेला चिरा दिसल्या तर पाणी कमी आहे. तवा कडक तापवा. पहिली बाजू वीस सेकंद, उलटून मिनिटभर, पुन्हा उलटली की पापुद्रा सुटून फुगते. मग लगेच कापडात गुंडाळून टोपलीत ठेवा. भाकरी येणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

अख्खा मका घेऊन करायचं असेल तर किलोला १० ग्रॅम खाण्याचा चुना, तीन लिटर पाणी, पाऊण तास मंद उकळी आणि रात्रभर मुरवणं. भांडं अॅल्युमिनियमचं नको. शेतीच्या दुकानातलं पेरणीचं बियाणं आणू नका, त्याला औषध लावलेलं असतं. वाटायला इडलीचा ग्राइंडर चालतो, पण पाणी जास्त लागतं, मग थोडं कोरडं मासा आरिना मिसळून पीठ सावरायचं.

राजम्याऐवजी काळा घेवडा घ्या. कांदा आणि एपासोते घालून शिजवा. एपासोते आपल्या चाकवताच्या नात्यातली उग्र पाला असलेली भाजी, इथे वाळवलेली मिळते. ओरेगानोही मेक्सिकन बघून घ्या, पिझ्झावरच्या ओरेगानोशी त्याचं कूळच जुळत नाही. मिरच्यांत तडजोड कुठे करायची ते सांगते. गुआहियोच्या जागी ब्याडगी चालून जाते. आंचोच्या जागी काहीच चालत नाही, तिला मनुकांसारखी गोडी असते, ती मागवाच. सुकी मिरची तव्यावर काही सेकंदच भाजायची. काळी पडली तर फेकून द्या, सगळा रस्सा कडू होतो. साल्साचे टोमॅटो मात्र उलट, सालावर काळे डाग पडेपर्यंत भाजायचे, लसूणही सालासकट.

बाकी सामानाला मेक्सिकन दुकान लागतच नाही. कोथिंबिरीच्या जुड्या तुर्की दुकानात, केळीची पानं आशियाई दुकानाच्या फ्रीजरमध्ये. हमायका नावाचं जे लाल सरबत तिथे घरोघरी असतं ते आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं, आणि ती बोंडं आफ्रिकन दुकानात किलोने मिळतात.

हॉटेलांचं थोडक्यात. यादीत पहिल्या पानावर कॉकटेल आणि चिली कॉन कार्ने असेल तर उठून या, चिली कॉन कार्ने टेक्सासची. पोसोले आहे का विचारा. ते अख्ख्या निश्तामाल मक्याचं रस्सेदार सूप असतं आणि ज्याला खरं जेवण द्यायचं आहे तोच ते ठेवतो, बहुधा शनिवार-रविवारी. टेबलावर दोन साल्सा आणि लिंबाच्या फोडी आल्या तर बसा. आणि १५ सप्टेंबरच्या रात्री मेक्सिकन मंडळी स्वातंत्र्यदिन साजरा करतात. तुमच्या शहरात तो कुठे होतो ते शोधा. माझं इथलं सगळ्यात चांगलं जेवण तिथेच झालं, एका बाईंनी घरून करून आणलेले तामालेस, म्हणजे मळलेलं मक्याचं पीठ पानात गुंडाळून वाफवलेले. शाकाहारी आहात म्हणून प्रत्येक ठिकाणी "सिन मान्तेका" म्हणायला शिका, म्हणजे डुकराच्या चरबीशिवाय. घेवडा आणि तामालेस दोन्हींत ती असते, आणि भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. मेक्सिकोच्या उत्तरेला, सोनोरा-चिवावाकडे, गव्हाच्याच टॉर्टिया खातात आणि बरिटो तिकडचाच. म्हणजे गहू मेक्सिकन नाही असं नाही. पण त्या पिठात चरबीचं भरपूर मोहन असतं, त्या मऊ लुसलुशीत होतात, चपाती तशी होत नाही. आणि माझी चार वर्षं पुएब्लाची. ओआहाकाचा किंवा युकातानचा माणूस यातलं निम्मं खोडून काढेल.

हिरव्या साल्साचं राहिलं. त्याला तोमातियो लागतो. कच्चा टोमॅटो वापरू नका, हा रसभरीच्या कुळातला, कागदी टरफलात असतो. इथे ताजा क्वचित दिसतो, म्हणून बाल्कनीत लावा. मी पहिल्या वर्षी एकच रोप लावलं. उन्हाळाभर पिवळी फुलं आली, फळ एकही नाही. एकट्या झाडाला ते धरत नाही, शेजारी दुसरं लागतं. मार्चअखेर घरात पेरा, मेच्या मध्यानंतर थंडी संपली की बाहेर काढा, आणि दोन लावा.