वाचकांचे प्रश्न : व्हिएतनामची निर्यात नेमकी कोणाची?

प्रश्न : माझा सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. अलीकडे परदेशी ग्राहकाला दर कळवला, की हाच माल व्हिएतनाममध्ये स्वस्त पडतो, असे ऐकावे लागते. १९७५ पर्यंत युद्धात होरपळलेला हा देश इतक्या लवकर येथवर कसा पोचला?
— एक लघुउद्योजक, भोसरी

उत्तर : आधी आकारमानाची कल्पना यावी म्हणून एक तुलना करू. व्हिएतनामचे क्षेत्रफळ सुमारे ३.३१ लाख चौरस किलोमीटर आहे आणि महाराष्ट्राचे ३.०८ लाख. तेथील लोकसंख्येने २०२३ मध्ये १० कोटींचा टप्पा ओलांडला, तर महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ११ कोटी २४ लाख होती. आपल्या राज्याएवढ्या या देशाने २०२४ मध्ये सुमारे ४०५ अब्ज डॉलरचा माल निर्यात केला. त्याच सुमारास अख्ख्या भारताची वर्षाची मालनिर्यात ४३७ अब्ज डॉलरच्या घरात होती. तेव्हा आपले ग्राहक व्हिएतनामचे नाव घेतात ते उगाच नाही.

हे सारे लवकर घडले, असे मात्र म्हणता येणार नाही. युद्ध संपल्यानंतरची पहिली दहा-अकरा वर्षे जवळजवळ फुकट गेली. उत्तरेतील सामूहिक शेती दक्षिणेवर लादली गेली, खासगी व्यापार मोडून काढला गेला, कंबोडियात सैन्य अडकून पडले, १९७९ मध्ये चीनशी युद्ध झाले, आणि अमेरिकेची व्यापारबंदी तर होतीच. शहरांत तांदूळ, कापड, रॉकेल सारे कुपनावर मिळे. रेशनच्या रांगेत आपला नंबर जाऊ नये म्हणून लोक पहाटे एखादी वीट ठेवून घरी जात आणि ती वीट त्यांच्या वतीने रांगेत उभी राही, अशा आठवणी हनोईतील वयस्कर माणसे आजही सांगतात. १९८६ मध्ये महागाईचा दर ७०० टक्क्यांच्या वर गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कम्युनिस्ट पक्षाचे सहावे अधिवेशन भरले, न्गुएन व्हान लिन्ह सरचिटणीस झाले आणि 'दोई मोई' या नावाने ओळखले जाणारे सुधारणांचे धोरण मंजूर झाले.

या धोरणाची चर्चा होते तेव्हा बहुधा थेट कारखान्यांपासून सुरुवात केली जाते. माझ्या मते त्याचे मूळ भाताच्या खाचरात आहे. विन्ह फुक प्रांताचे पक्षसचिव किम न्गोक यांनी १९६६ मध्येच सामूहिक शेतीतील जमिनीचे तुकडे कुटुंबांना कराराने कसायला दिले होते. उत्पादन वाढले, पण पक्षाने त्यांना फटकारून तो प्रयोग बंद पाडला. त्यांचा सन्मान झाला तो मृत्यूनंतर, खूप उशिरा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हो ची मिन्ह सिटीत (पूर्वीचे सायगाव) तांदळाची टंचाई झाली, तेव्हा तेथील पक्षप्रमुख आणि पुढे पंतप्रधान झालेले वो वान किएत यांनी मेकाँगच्या खोऱ्यातून सरकारी भाव बाजूला ठेवून बाजारभावाने तांदूळ आणवला. नियम अशा रीतीने खालून मोडले जात होते आणि १९८६ नंतर त्यांतील बऱ्याच गोष्टींना वरून मान्यता मिळाली. १९८८ च्या ठरावाने शेती पुन्हा कुटुंबाच्या हाती आली, आणि आदल्या वर्षापर्यंत धान्य आयात करणाऱ्या या देशाने १९८९ मध्ये दहा लाख टनांहून अधिक तांदूळ निर्यात केला. घरात पोटापुरते पिकू लागले म्हणूनच पुढच्या पिढीतील मुली गाव सोडून शिलाईच्या आणि बुटांच्या कारखान्यांत जाऊ शकल्या. हा दुवा विसरला, तर पुढचे सारे चमत्कारासारखे वाटते.

पुढचे टप्पे झपाट्याने आले. परकीय गुंतवणुकीचा कायदा १९८७ च्या अखेरीस झाला. १९९१ मध्ये हो ची मिन्ह सिटीतील तान थुआन येथे पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजे निर्यातीसाठीच माल बनवणाऱ्या कारखान्यांची वसाहत, उभे राहिले. १९९४ मध्ये अमेरिकेची व्यापारबंदी उठली, १९९५ मध्ये आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचे सदस्यत्व मिळाले, आणि १९९६ मध्ये सिंगापूरच्या भागीदारीत बिन्ह झुआंग येथे औद्योगिक वसाहत सुरू झाली. २००१ च्या अखेरीस अमेरिकेशी व्यापार करार लागू होताच कपडे आणि पादत्राणे यांची निर्यात उसळली. २००७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचे सदस्यत्व मिळाले, २००९ मध्ये सॅमसंगने हनोईजवळच्या बाक निन्ह येथे फोन बनवायला सुरुवात केली आणि २०१४ मध्ये थाय न्गुएन येथे दुसरा मोठा कारखाना चालू केला.

आपल्या धंद्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्हिएतनाम एकामागून एक व्यापार करारांत शिरत गेला: २०१९ मध्ये पॅसिफिक देशांचा करार, २०२० मध्ये युरोपीय संघाशी, २०२२ मध्ये आरसेप, म्हणजे आसियान, चीन, जपान आदी देशांचा व्यापार करार. यांपैकी आरसेपच्या वाटाघाटींतून भारत २०१९ मध्ये बाहेर पडला. त्यामुळे आपल्या आणि तेथील दरांत ग्राहकाला दिसणारा सगळाच फरक मजुरीचा नसतो. काही फरक आयातशुल्काचाही असतो.

प्रश्न : निर्यात इतकी अवाढव्य असेल, तर व्हिएतनाम अजून श्रीमंत देशांत का गणला जात नाही?
— वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. २०२४ मध्ये व्हिएतनामची निर्यात ४०५ अब्ज डॉलर होती, पण आयातही सुमारे ३८१ अब्ज डॉलर होती आणि देशाचे एकूण उत्पन्न अवघे ४७६ अब्जांच्या आसपास. आयात-निर्यातीची बेरीज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दीडपटीहून अधिक भरते, याचा अर्थ माल मोठ्या प्रमाणावर आत येतो, त्याची जुळणी होते आणि तो बाहेर जातो. चिप, फोनचे स्क्रीन, कापड, रसायने हा कच्चा आणि अर्धा तयार माल मुख्यतः चीन आणि दक्षिण कोरियातून येतो. निर्यातीपैकी ७० टक्क्यांहून अधिक वाटा परकीय भांडवलाच्या कंपन्यांचा आहे. एकट्या सॅमसंगचा वाटा सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा भरतो. निर्यातीचा आकडा म्हणजे उलाढाल. देशाच्या पदरात पडते ते त्यातील मूल्यवर्धन, म्हणजे बाहेरून आलेल्या मालाच्या किमतीत देशात पडलेली भर.

२०१४ मध्ये यावरून तेथे बरीच खळबळ उडाली होती. सॅमसंगने स्थानिक उद्योगांकडून घेता येतील अशा सुट्या भागांची यादी पुढे ठेवली, आणि त्यांतले अगदी साधे भागही हव्या त्या अचूकतेने, हव्या त्या संख्येने आणि हव्या त्या दराने पुरवणारे व्हिएतनामी कारखाने जवळजवळ सापडेनात. परदेशी कंपनीला जमीन, वीज आणि करसवलत देता येते. पण साचे बनवणारा, कडेला दहा यंत्रे लावून बसलेला, मापात सूतभरही चूक न करणारा कारखानदार वटहुकुमाने तयार होत नाही. आपल्या कोल्हापूरला ओतकाम आणि यंत्रकामाची जी परंपरा आहे, तसली फळी तेथे फार विरळ होती. त्यानंतर सॅमसंगने स्थानिक पुरवठादारांना प्रशिक्षण दिले आणि त्यांची संख्या वाढलीही, पण अवघड भाग अजून बव्हंशी सोबत आलेल्या कोरियन कंपन्याच बनवतात.

देशी मोठे उद्योग उभारण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. सरकारी जहाजबांधणी कंपनी विनाशिनला राष्ट्रीय अभिमान म्हणून पैसा पुरवला गेला; ती भलत्याच धंद्यांत पसरली आणि २०१० मध्ये सुमारे साडेचार अब्ज डॉलरच्या कर्जाखाली कोसळली. खासगी क्षेत्रातील विनफास्ट ही मोटारकंपनी सध्या जोरात आहे, २०२५ मध्ये तिने तमिळनाडूत थुथुकुडी येथे कारखानाही सुरू केला, मात्र तोटा सोसत चाललेल्या या धंद्याचे यश आताच गृहीत धरणे घाईचे होईल. मे २०२५ मध्ये पक्षाने खासगी क्षेत्राला अर्थव्यवस्थेचे सर्वांत महत्त्वाचे चालक बळ ठरवणारा ठराव केला. दोई मोईनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी हे म्हणावे लागले, यातच बरेच काही आले.

प्रश्न : तेथे एकपक्षीय राजवट आहे, जमीन सरकारची आहे, स्वतंत्र कामगार संघटना नाहीत. म्हणून हे साधले आणि लोकशाहीत ते साधणार नाही, असे समजावे काय?
— एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : हा तर्क सोपा आहे, पण टिकत नाही. रांगेत विटा ठेवायला लावणारी राजवट आणि आजची राजवट एकाच पक्षाची आहे. राजवट तीच राहून फळ बदलले असेल, तर कारण धोरणात शोधावे लागेल.

जमीन घेणे तेथे सोपे आहे हे खरे. कायद्याने जमीन सर्व जनतेची आणि शेतकऱ्याकडे केवळ वापराचा हक्क. पण त्याची किंमत कोणी मोजली, हेही पाहावे. बाक निन्हच्या औद्योगिक वसाहतींभोवतीच्या गावांत शेते गेली आणि उरलेल्या परड्यात गावकऱ्यांनी ओळीने खोल्या बांधल्या. दहा-बारा चौरस मीटरच्या अशा एका खोलीत दोन-तीन कामगार मुली राहतात, कामाची पाळी बदलली की अंथरुणावरचे माणूस बदलते. चाकणच्या आसपास भाड्याच्या खोल्या पाहिलेल्याला हे चित्र नवे वाटणार नाही. जमिनीच्या मोबदल्यावरून तेथेही संघर्ष पेटले. २०१२ मध्ये हनोईजवळच्या व्हान ज्यांग येथे शेतकऱ्यांना हटवायला पोलिसांचा मोठा ताफा आणावा लागला. अधिकृत संघटना एकच असली, तरी तिला न विचारता होणारे संप शेकड्यांनी झाले आणि किमान वेतन वाढण्यामागे त्यांचा रेटा होता. २०१६ मध्ये हा तिन्ह येथील फॉर्मोसा या तैवानी पोलाद कारखान्याच्या विषारी सांडपाण्याने चार प्रांतांच्या किनाऱ्यावर मासे मरून पडले. कंपनीने ५० कोटी डॉलर भरपाई मान्य केली, पण त्याआधी कोळ्यांना रस्त्यावर उतरावे लागले. आपण कोकणात राहता. प्रकल्प, किनारा आणि मासेमारी यांचे नाते आपल्याला वेगळे सांगायला नको.

प्रश्न : अमेरिकेच्या वाढीव आयातशुल्काचा व्हिएतनामला फटका बसेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : अमेरिकेकडून घेतो त्याहून १०० अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल तिला विकणारा देश यातून सुटणे शक्यच नव्हते. एप्रिल २०२५ मध्ये ४६ टक्के शुल्काची घोषणा झाली आणि वाटाघाटींनंतर जुलैत ते २० टक्क्यांवर आले. परंतु खरी मेख दुसऱ्या कलमात होती: तिसऱ्या देशाचा माल केवळ व्हिएतनाममार्गे पाठवला असे ठरल्यास ४० टक्के. मालाचा किती हिस्सा व्हिएतनाममध्ये घडला म्हणजे तो व्हिएतनामी समजायचा, यावर पुढची सारी झोंबाझोंबी आहे, आणि कोल्हापूरच्या विद्यार्थिनीला वर दिलेले उत्तर येथेही तसेच लागू पडते. ज्या कारखान्यात केवळ जुळणी होते, त्याला आपला माल कोठला हे सिद्ध करणे सर्वांत जड जाईल.