नियम पाळला म्हणून आप्पा एकटे गेले का?

"तेव्हा नियम मोडून गेले असते तर आप्पांचं तोंड तरी बघायला मिळालं असतं." आप्पांच्या जागी आई, काका, नवरा काहीही घाला, हे वाक्य माझ्याकडे समुपदेशनाला अजूनही येतं. कोरोना गेला, मास्क गेले, सगळे विसरले असं आपण म्हणतो खरं, पण २०२० आणि २०२१ मध्ये ज्यांच्या घरातलं माणूस हॉस्पिटलात गेलं आणि तिथूनच परस्पर स्मशानात गेलं त्यातले बरेच जण अजून त्याच आठवड्यात अडकलेत. आणि ते दुःखाचं बोलायला येतच नाहीत. झोप लागत नाही, बीपी वाढलंय, डोकं सारखं दुखतं, माहेरचं येणंजाणं बंद झालंय, असलं काहीतरी घेऊन येतात आणि मग तिसऱ्या-चौथ्या भेटीत खरं बाहेर पडतं.

सुरेखाताई अशाच आल्या. (नाव बदललंय, आणखी दोघातिघांचे तपशील त्यांच्या परवानगीने यात मिसळलेत, त्यामुळे ओळखायचा प्रयत्न करू नका.) चिंचवडला राहतात, पतसंस्थेत नोकरी, माहेर सातारा ओलांडून पुढे. तक्रार काय, तर धाकट्या भावाचा फोन आला की छातीत धडधडतं. भावाने आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, नावावर सरकारचे पन्नास हजार घेतले आणि मला सांगितलं पण नाही, हे त्या तीन वेळा म्हणाल्या. सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर २०२१ मध्ये कोविडने गेलेल्यांच्या वारसांना जे पन्नास हजार सानुग्रह म्हणून जाहीर झाले होते ते. मला वाटलं पैशाचं भांडण आहे. तसं ते नव्हतं.

आप्पा ऑगस्ट २०२० मध्ये गेले. तेव्हा जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा, तो सप्टेंबरच्या सुरुवातीला रद्द झाला, म्हणजे अजून थोडे दिवस तग धरला असता तर पासची भानगडच नव्हती, हे पण ताईंना तारखेसकट पाठ. आप्पा अॅडमिट झाल्यावर त्यांनी पासचा अर्ज केला, तो रिजेक्ट झाला, कागद अपुरे म्हणून. आप्पा गेल्यावर परत अर्ज केला. तो मंजूर झाल्याचा मेसेज दुसऱ्या दिवशी दुपारी आला आणि तोवर सकाळीच सगळं उरकलेलं. तो मेसेज त्यांनी मला दाखवला. मधे दोन मोबाईल बदलले तरी स्क्रीनशॉट प्रत्येक वेळी नव्या फोनमध्ये आणलाय. रात्री झोपेच्या आधी उघडून बघतात, नवऱ्याला माहीत नाही.

गावाकडे तेव्हा भाऊ आणि वहिनी पण पॉझिटिव्ह, शाळेत केलेल्या क्वारंटाइन सेंटरमध्ये. त्यामुळे अग्नी नगरपालिकेच्या माणसांनी दिला. दहावं मोबाईलवर झालं. गुरुजी तिकडे त्यांच्या घरात, ताई इकडे किचनच्या ओट्यापाशी, पिंड गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि कावळा आलाच नाही. शेवटी गुरुजी स्क्रीनवरून म्हणाले दर्भाचा कावळा करा, चालतो. ताई म्हणाल्या, "मॅडम, चालतो म्हणजे काय हो, आमच्याकडे कावळा शिवत नाही तोवर माणसं घाटावरून हलत नाहीत, काय राहिलं असेल मनात म्हणून एकेक बोलून बघतात. मी काय बोलू? मला माहितीये काय राहिलं होतं. मी राहिले होते."

इथे बरेच हितचिंतक (आणि काही समुपदेशकसुद्धा) लगेच म्हणतात, तुमची काही चूक नव्हती, परिस्थितीच तशी होती, विसरा आता. हे वाक्य चुकीचं नाहीये पण उपयोगाचं पण नाहीये. कारण ऐकणाऱ्याला आतून पक्कं वाटत असतं की काहीतरी चुकीचं घडलंय, आणि ते खरंच घडलेलं असतं. ते कुणी केलं हे कळत नाही, मग हाताशी जो सापडतो त्याच्यावर बिल फाडलं जातं, आणि हाताशी आपण स्वतःच असतो. मला या कामात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, की अपराधीपणा आणि तक्रार या दोन गोष्टी एकात एक गुंतल्यात त्या आधी सोडवायच्या.

म्हणून मी ताईंना म्हटलं, तुम्ही नुसत्या बसून राहिलात असं म्हणताय ना, मग त्या दोन दिवसांचं सगळं लिहून आणा, आठवणीतून नको, फोनमधून. व्हॉट्सअॅपचे चॅट होते, पासच्या अर्जाचे मेसेज होते, नवऱ्याच्या जुन्या फोनमध्ये कॉलची यादी होती. त्यात काय निघालं? पोलीस स्टेशनला फोन, तहसील ऑफिसला फोन, ओळखीच्या नगरसेवकाला चार वेळा, हॉस्पिटलच्या लँडलाइनला तर रात्री अडीचपर्यंत. एका टेम्पोवाल्याला भाजीच्या गाडीतून नेतोस का म्हणून विचारलेलं. हे सगळं त्यांच्या आठवणीतून पुसलं गेलेलं, उरलं होतं एकच, मी घरी बसले होते. यादी वाचताना त्या मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, टेम्पोवाल्याचं मला अजिबात आठवत नव्हतं.

आता अवघड भाग. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० ला, म्हणजे देशभराचा लॉकडाऊन लागायच्याही आधी, मृतदेह कसा हाताळायचा याच्या सूचना काढल्या होत्या. त्यात चक्क लिहिलंय की नेहमीची काळजी घेऊन बॅगची तोंडाकडची चेन उघडून नातेवाइकांना शेवटचं दर्शन देता येईल. अंघोळ घालणं, मिठी मारणं, चुंबन घेणं नको, पण हात न लावता होणारे विधी, मंत्र, पाणी शिंपडणं चालेल. अस्थी गोळा करायला काहीच धोका नाही. आणि नीट काळजी घेणाऱ्या घरच्यांना मृतदेहापासून जास्तीचा धोका असण्याची शक्यता कमीच, असंही त्यात आहे.

हे ताईंना सांगायचं का? न सांगता पुढे जाता आलं असतं, आणि सांगितलं की ते लागणार हे मला दिसत होतं. पण जी बाई रोज रात्री स्क्रीनशॉट बघते तिच्यापासून कागद लपवणं मला पटेना, उद्या गूगलवर तिला एकटीला सापडलं तर जास्त वाईट. म्हणून दोन तासांची वेळ ठेवली, त्यांच्या नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं आणि त्या ओळी वाचून दाखवल्या.

बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग, "म्हणजे दाखवता आलं असतं." हो. "आणि भाऊ म्हणाला होता, व्हिडिओ कॉलवर तरी तोंड दाखवा. हॉस्पिटलवाले म्हणाले वरून ऑर्डर आहे." मग त्या चिडल्या, इतक्या की पुढचे दोन आठवडे नवऱ्याने मला फोन करून विचारलं की मॅडम हिला बरं करताय का बिघडवताय. मी म्हटलं थांबा जरा, पहिल्यांदाच हा राग बाहेरच्या दिशेला चाललाय.

आता मी काही कोरोना थोतांड होता म्हणणाऱ्यातली नाही. गर्दी थांबवणं गरजेचं होतं, अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती तिच्यामागे कारण होतं. कलम १९ मधला कुठेही जायचा-यायचा हक्क लोकांच्या हितासाठी मर्यादित करता येतो हे घटनेतच आहे. पण ते बंधन गरजेपुरतं हवं, आणि बंधनाच्या नावाखाली कागदावर असलेली मुभा पण काढून घेतली तर ती मनमानी झाली. मेलेल्या माणसाचा सन्मान हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच येतो, हे काही मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. वांद्र्याच्या कब्रस्तानात कोविडचे मृतदेह पुरू नका म्हणून काही रहिवासी कोर्टात गेले होते तेव्हा मुंबई हायकोर्टाने २२ मे २०२० ला ती मागणी फेटाळताना हेच सांगितलं, आणि मृतदेहातून संसर्ग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही हेही. मे २०२१ मध्ये गंगेत प्रेतं वाहताना दिसल्यावर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला मृतांच्या सन्मानाबद्दल सगळ्या राज्यांना वेगळी सूचना काढावी लागली. म्हणजे ताईंचं दुःख हे काही नुसतं हळव्या मुलीचं खूळ नव्हतं.

असंच दुसऱ्या टोकाचं एक उदाहरण, थोडक्यात. एक तरुण आईच्या शुगरच्या गोळ्या आणायला निघाला, चौकात लाठ्या खाल्ल्या, उठाबशा काढायला लावल्या, कुणीतरी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. तो अजून म्हणतो, मी बाहेरच पडायला नको होतं. संचारबंदी मोडली तर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली गुन्हा आणि कोर्टात शिक्षा, एवढंच कायद्यात होतं, रस्त्यावर उठाबशा ही शिक्षा कुठल्याच कायद्यात नव्हती आणि नाही. ते १८८ चे गुन्हेसुद्धा राज्य सरकारने २०२२ मध्ये मागे घ्यायचं ठरवलं. गुन्हा माफ झाला, पण त्याची लाज काही गेली नाही, ती त्याच्याकडेच राहिली.

ताईंचा पुढचा प्रश्न साहजिक होता, केस करू का? मी वकील नाही, पण ज्या १८९७ च्या साथरोग कायद्यावर यातलं बरंच उभं होतं त्यात चांगल्या हेतूने काम केलेल्या अधिकाऱ्यांना संरक्षण आहे हे मला माहीत होतं, ते सांगितलं. ताई म्हणाल्या, "म्हणजे तो प्लेगचाच कायदा? रँडचा?" हो, तोच. चापेकर चौकातून रोज पतसंस्थेत जाणाऱ्या बाईला इतिहास समजावायची गरज पडली नाही. केसचं बघू म्हणाल्या, आधी मला काय झालं ते तर कळू दे.

मग त्यांनी माहिती अधिकारात दोन अर्ज टाकले, दहा-दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. नगरपालिकेचं उत्तर लवकर आलं. स्मशानाच्या रजिस्टरच्या एका पानाची झेरॉक्स. आप्पांचं आडनाव एका अक्षराने चुकलेलं, वेळ सकाळी सव्वासहा, नातेवाईक या रकान्यात आडवी रेघ, आणि शेवटी न.प. कर्मचारी अशी सही. ताईंना त्या सहीवाल्या माणसाला भेटायचं होतं. त्यासाठी भावाला फोन करावा लागला, काम होतं म्हणून केला, आणि धडधडलं तरी केला.

तो माणूस भेटला. आप्पा त्याला आठवत नव्हते. "त्या महिन्यात किती झाले ताई, कसं सांगू," म्हणाला. खोटं काहीतरी गोड सांगितलं नाही त्याने, मला तो आवडला. एवढंच म्हणाला की कुणाचंच कोण नसायचं, मग आम्हीच पाणी फिरवायचो आणि पाया पडायचो, सगळ्यांच्याच. आणि मग स्वतःचं सांगत बसला, की गल्लीतले लोक त्याला सार्वजनिक नळावर येऊ देत नव्हते, बायको ताट उंबऱ्याबाहेर ठेवायची. त्याला कुणी समुपदेशनाला पाठवलं नव्हतं.

त्याच दिवशी परत येताना गाडीत भावाने सांगितलं. क्वारंटाइन सेंटरच्या गेटवर त्याच्याकडून संमतीपत्रावर सही घेतली होती, की अंत्यविधी प्रशासनाने करावा, आमची हरकत नाही. "आक्का, मी लिहून दिलंय हरकत नाही म्हणून." पन्नास हजार आले तेव्हा त्याला वाटलं त्या सहीचेच पैसे आले. ते तसेच पडून आहेत बँकेत, हात लावला नाही, म्हणून सांगितलं पण नाही. पुढच्या भेटीला दोघं आले. मी त्याला विचारलं, सही नाही केली तर काय होईल असं सांगितलं होतं? तो म्हणाला, बॉडी तशीच राहील म्हणाले. अंगात ताप, बायको आत, पुढे असा पर्याय. याला संमती म्हणायचं का हे मी त्याच्यावर सोडलं. ताईच म्हणाल्या, "ही कसली रे सही."

यात औषधाचा भाग पण होता, तो लपवायचा नाही. जवळचं माणूस गेल्यावर सहा महिन्यांच्या पुढेही रोजचं जगणं अडत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला लांबलेला शोक असं वेगळं निदान आहे, आणि ताईंच्या झोपेसाठी मी त्यांना सायकिअॅट्रिस्टकडे पाठवलं होतं, काही महिने गोळ्या चालल्या. तुमच्याकडे असं कुणी असेल आणि जवळ कुणी तज्ज्ञ नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि त्या दिवसांतले मेसेज, पास, कागद असतील तर फेकू नका, एकट्याने रात्री बघूही नका, कुणालातरी शेजारी बसवून दिवसा बघा.

कावळ्याचं काय केलं असं मला एका मैत्रिणीने विचारलं. काही नाही केलं. मी सुचवलं होतं की वर्षश्राद्धाला घाटावर जाऊन या, ताई म्हणाल्या बघू, अजून गेल्या नाहीत, आणि मीही परत विषय काढलेला नाही. स्क्रीनशॉट अजून फोनमध्ये आहे. रोज उघडत नाहीत.

दुसरा अर्ज हॉस्पिटलला होता. मृताचा चेहरा दाखवायचा नाही असा जो आदेश होता त्याची प्रत द्या, एवढीच मागणी. महिनाभराने उत्तर आलं, सदर माहिती उपलब्ध नाही. ताईंनी पहिलं अपील टाकलंय, ड्राफ्ट भावाने केलाय, सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.