सुंदरबनला निघताय? आधी ओहोटीची वेळ विचारा

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत निम्मे प्रश्न खारफुटीच्या जंगलाबद्दल आहेत, बहुतेक दिवाळीनंतर सगळ्यांचे सुट्ट्यांचे बेत सुरू झालेत. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून ह्यावरच बोलूया, कारण हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे.

ताई नमस्कार, डिसेंबरमध्ये आम्ही चौघं सुंदरबनला जायचं म्हणतोय. मी, मिसेस, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझी आई, वय बहात्तर. ताडोबा दोनदा झालंय, दोन्ही वेळा वाघ दिसला त्यामुळे मुलाची अपेक्षा फार आहे. कोलकात्याहून एक रात्र दोन दिवसांचं पॅकेज मिळतंय, पुरेल का? आणि वाघ खरंच दिसतो का? – एक वाचक, पुणे

दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. वाघ दिसणं अवघड आहे. 2022 च्या गणनेत भारताच्या बाजूच्या सुंदरबनात शंभराच्या आसपास वाघ धरलेत, म्हणजे वाघ कमी आहेत असं नाही, पण ताडोबात जिप्सी रस्त्यावरनं फिरते, पाणवठे ठरलेले असतात, वाघ त्याच रस्त्यावर येऊन बसतो. इथे रस्ताच नाही. सगळं फिरणं बोटीतनं, पाय टेकवायला मिळतो तो फक्त जाळी मारलेल्या वॉचटॉवरच्या आवारात, आणि दोन्ही बाजूला हेंताळची, म्हणजे बुटक्या खजुरासारख्या झाडांची झाडी, तिची पानं पिवळी पडली की त्यात वाघ दहा फुटांवर उभा असला तरी कळणार नाही. मी चार वेळा गेले, वाघ एकदाच दिसला, तोही नदी पोहून पलीकडे जाताना नुसतं डोकं. मुलाला हे घरीच सांगा, तिथे बोटीत बसल्यावर नको.

आता एका रात्रीचं. नाही पुरत. हिशोब करून बघा, कोलकात्याहून गोदखाली जेट्टी साधारण शंभर किलोमीटर, रस्त्याने तीन तास तरी जातात, तिथनं बोट, मग सजनेखालीला परमिट आणि गाइड, म्हणजे जेवून बाहेर पडेपर्यंत दोन-अडीच वाजले. आणि तो देश पूर्वेकडचा, डिसेंबरात पाच वाजताच सूर्य मावळतो, अंधाराच्या आत बोट जंगलाबाहेर पडलीच पाहिजे असा नियम आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी परतीची घाई. हातात काय राहिलं तर पाच-सहा तास. दोन रात्री घ्या, मधला एक अख्खा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोटीत मिळतो आणि खरं सुंदरबन त्याच दिवशी बघायला मिळतं.

पुण्याहून हावड्याला आझाद हिंद एक्स्प्रेस थेट आहे, दोन रात्री गाडीत जातात, आईंना झेपत असेल तर ठीक, नाहीतर जाताना विमानाने जा आणि येताना ट्रेनने या. कोलकात्यात उतरलं की एक रात्र तिथेच थांबा. सियालदहवरून कॅनिंगपर्यंत लोकल जाते आणि पुढे शेअर गाड्या मिळतात, आम्ही मैत्रिणी तसंच गेलो होतो, स्वस्त पडतं, पण आई बरोबर असताना गाडीच करा. आधार कार्ड सगळ्यांचं, मुलाचंसुद्धा, मूळ प्रत घेऊन जा, परमिटला लागतं. नाताळ ते एक जानेवारी टाळा, अख्खा कोलकाता तिथे पिकनिकला येतो. आणि संक्रांतीच्या आसपास गंगासागरची यात्रा असते तेव्हाही कोलकात्याकडचे रस्ते तुडुंब भरलेले असतात. डिसेंबरचा पहिला-दुसरा आठवडा सगळ्यात छान.

आता जे कुठलाच पॅकेजवाला आपणहून सांगत नाही ते. बोट बुक करताना भरती-ओहोटीच्या वेळा विचारा. आपल्याकडे कोकणात जुनी माणसं तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात ना, पंचमी असली तर पावणेचार, अष्टमीला सहा, तसाच हिशोब तिकडच्या माझ्यांच्या, म्हणजे नावाड्यांच्याही डोक्यात असतो, फक्त तिकडचं गणित वेगळं, आपलं तिथे लागू पडत नाही, त्यामुळे त्यांनाच विचारायचं. भरतीला ते जोआर म्हणतात आणि ओहोटीला भाटा, एवढे दोन शब्द आले तरी गप्पा सुरू होतात. दिवसातनं दोनदा पाणी चढतं आणि दोनदा उतरतं, रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा, आणि चढउतार तीन-चार मीटरचा, त्यामुळे सकाळी पाहिलेली खाडी दुपारी ओळखू येत नाही.

भरतीला बोट चिंचोळ्या खाड्यांत आत शिरू शकते, फांद्या हाताला लागतील इतक्या जवळ, खंड्यांचे इतके प्रकार दिसतात की मुलाला मोजायला लावा, तपकिरी पंखांचा आणि काळ्या टोपीचा हे दोन तरी दिसावेतच. ओहोटीला त्या खाड्या बंद, पण मोठ्या नद्यांचे चिखलाचे काठ उघडे पडतात आणि सगळं जनावर तिथे येतं. थंडीत मगरी उन्हाला येऊन पडतात, एखादी बारा-चौदा फुटी, आणि चिखलासारखीच दिसते म्हणून आधी लाकूड वाटतं. पाणघोरपडी, रानडुकरं, चितळ. माकडं केवड्याच्या झाडावर (आपला फुलाचा केवडा नव्हे, तिकडचं केओडा, आपल्या चिप्पीचा भाऊ) बसून पानं खाली टाकतात आणि खाली चितळ उभे राहून ती खातात. हे मी दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा पाऊण तास बोट हलवू दिली नाही.

आणि चिखलावरचे ठसे. गेल्या वेळी दोबांकीच्या वॉचटॉवरच्या पुढे आमच्या माझीने एकदम इंजिन बंद केलं आणि काठाकडे हात केला. झाडीतनं खाली पंजे उतरत आलेले, मधे एके ठिकाणी वाघ घसरला होता त्याची लांबलचक रेघ, मग थेट पाण्यात. पंज्यांच्या कडा अजून तीक्ष्ण होत्या, आणि प्रत्येक ठशात तळातनं पाणी झिरपत होतं पण ठसा भरला नव्हता. गाइड हळूच म्हणाला, आत्ताच गेलाय. बोटीत चौदा माणसं होती, कोणाच्या तोंडातनं शब्द नाही. पाणी चढत होतं, वीसेक मिनिटांत सगळे ठसे बुडाले. मुलाला हे शिकवा दादा, ठसे वाचायला शिकवा, घरी येऊन तो वाघ दिसला नाही म्हणणार नाही.

आईंसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. ओहोटीला जेट्टीच्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि काही ठिकाणी बोटीपासून काठापर्यंत नुसती फळी टाकतात, ती ओहोटीला उभी होते. माझी मावशी तशाच एका फळीवरनं घसरली होती, मनगट फ्रॅक्चर, आणि आम्ही ज्यांच्याकडून बोट घेतली होती त्यांच्याकडे साधी क्रेप बँडेजची पट्टी नव्हती. त्यामुळे आईंची चढ-उतार शक्यतो पाणी चढलेलं असताना ठरवा, कठडा असलेली बोट मागा, वरच्या डेकवर छप्पर पाहिजे, टॉयलेट बोटीतच पाहिजे, लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का हे फोटो मागवून बघा. बोट लागण्याची चिंता नको, नद्या संथ आहेत, समुद्रासारखं लागत नाही.

राहायला सजनेखालीला सरकारी लॉज आहे, नाहीतर समोरच्या पाखिरालय किंवा दयापूरला गावातली साधी हॉटेलं.

मी फोटोग्राफी करतो. कोणता वॉचटॉवर घ्यावा? आणि मी शुद्ध शाकाहारी आहे, तिकडे सगळीकडे मासेच असतात असं ऐकलंय. – एक वाचक, सांगली

वॉचटॉवरपाशी गोड्या पाण्याचं तळं असतं, जनावर तिथे प्यायला येतं म्हणूनच तो बांधलेला असतो. सुधन्यखाली त्यातल्या त्यात जवळ आणि नशीब लागलं तर चांगला, पण गर्दीही तिथेच, त्यामुळे सकाळी उघडल्या उघडल्या पहिल्या बोटीत पोचा. दोबांकीला जमिनीपासून साधारण वीस फुटांवर जाळीतला चालायचा मार्ग आहे, पक्ष्यांसाठी उत्तम. नेतिधोपानीला जुन्या देवळाचे अवशेष आहेत, बेहुलेच्या, म्हणजे बंगालच्या जुन्या लोककथेतल्या नायिकेच्या कथेशी ती जागा जोडतात, दिवसाला ठरावीक बोटींनाच परवानगी मिळते म्हणून आधी सांगून ठेवावं लागतं, आणि लांबच्या प्रवासात मोठ्या नद्या लागतात त्या मला टॉवरपेक्षा जास्त आवडतात. ट्रायपॉड नेऊ नका, इंजिन चालू असताना बोट थरथरते, सगळे फोटो हलतात. बीन बॅग कठड्यावर ठेवा, शटर स्पीड जास्त ठेवा आणि महत्त्वाच्या ठिकाणी माझीला इंजिन बंद करायला सांगा. ग्रुपच्या बोटीत हे कोणी ऐकत नाही, मी एकदा अशा बोटीत अडकले होते जिथे लोक मोबाईलवर गाणी लावून नाचत होते, गाइडने दोनदा हात जोडले तरी. दोन पैसे जास्त जातील, चार-पाच जण मिळून स्वतंत्र बोट घ्या.

खाण्याचं, बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगा की मासे नाहीत आणि त्याच कढईतलं तेल नाही. लुची म्हणजे मैद्याची पुरी, छोलार डाल म्हणजे हरभऱ्याची डाळ, आलू-पोस्तो म्हणजे खसखशीतला बटाटा, वांग्याचे काप, पोट भरून मिळतं. मोहरीच्या तेलाचा वास पहिल्या दिवशी लागतो. आणि थंडीत जाताय तर नोलेन गुड, खजुराच्या रसाचा नवा गूळ, गावातच ताजा मिळाला तर डबा भरून आणा.

सुंदरबन करावं की भितरकनिका? बजेट एकाचंच आहे. – एक वाचक, नागपूर

पहिल्यांदाच खारफुटी बघताय आणि बरोबर मुलं आहेत तर भितरकनिका. ओडिशात आहे, वाघ नाही, पण खाऱ्या पाण्यातल्या मगरी सतराशेच्या वर आहेत आणि थंडीत त्या दिसणारच, मुलांचा हिरमोड होत नाही. 1975 साली दांगमाळला मगरीच्या पिल्लांचा प्रकल्प सुरू झाला तेव्हा शंभरही उरल्या नव्हत्या, त्यांच्या या आजच्या मगरी. पक्ष्यांची मोठी वसाहत बघायची असेल तर पावसाळा संपता संपता जा. 1 मे ते 31 जुलै मगरींच्या विणीसाठी बंद असतं, त्या तारखांचं बुकिंग कोणी देत असेल तर पैसे देऊ नका.

आणि माणसंही बघायची असतील तर सुंदरबन. तिथे जंगल आणि गाव यांच्यामधे एक नदी आणि नायलॉनची जाळी एवढंच अंतर आहे. मध काढायला, खेकडे धरायला जाणारा माणूस आधी बोनबीबीला, जंगलाच्या देवीला, हात जोडतो, हिंदू असो वा मुसलमान. संध्याकाळी गावात बोनबीबीचं पालागान, म्हणजे तिच्या कथेचं गाण्यातलं नाटक होतं, ते जरूर बघा, कलाकारांना वेगळे पैसे द्या. पण एक कळकळीने सांगते, काही टूरवाले वाघाने नवरा नेलेल्या बायकांच्या वस्तीत 'दाखवायला' नेतात. जाऊ नका. त्या बाईच्या दारात कॅमेरा घेऊन उभं राहायचं नाही. मदतच करायची तर गावच्या बायकांकडून मध विकत घ्या. 2009 ची आयला, 2020 चं अम्फान, 2021 चं यास, प्रत्येक वादळात बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलंय, आणि खारं पाणी शिरलेली जमीन दोन-तीन वर्षं धड पीक देत नाही, कोकणातल्या खारभूमीच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको.

ताई, एवढ्या लांब जाणं जमणार नाही. मुलींना खारफुटी दाखवायचीय, जवळ काही आहे का? – एक वाचक, डोंबिवली

अहो तुमच्या तर दारातच आहे. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य, 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये रामसर यादीतही, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातनं बोट सुटते, तीसुद्धा भरती-ओहोटी बघूनच, त्यामुळे रविवारी सकाळी दहालाच पाहिजे असा हट्ट चालत नाही, आधी फोन करून वेळ घ्या. जानेवारी ते मार्च गेलात तर गुलाबी रांगा दिसतीलच.

सावंतवाडीकडे कोणी असेल तर वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बायकांचा बचत गट वल्ह्याच्या होडीतनं कांदळवन दाखवतो, इंजिन नाही, त्यामुळे पाण्याचा आणि खेकड्यांचा आवाजसुद्धा ऐकू येतो. गोव्यात चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, रायबंदरवरून फेरीबोटीने पंधरा मिनिटांत.

कुठेही गेलात तरी मुलींना ओहोटीला न्या, म्हणजे तिवराची श्वासमुळं चिखलातनं खिळ्यांसारखी वर आलेली दिसतील, आणि त्यांच्या मधे निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, उड्या मारताना. गेवाचं झाड मात्र ओळखून ठेवा, पान तुटलं की पांढरा चीक येतो, तो डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, हात लावू देऊ नका. जुने बूट घाला, तो चिखल धुवून निघत नाही.