फुलं नसताना गुलमोहर की नीलमोहर, कसं ओळखायचं?

नीलमोहर म्हणून लावलेलं रोप आता डोक्याच्या वर गेलंय, पण पानं गुलमोहरासारखी दिसतात, फुलायची वाट पाहू का, असं तुम्ही फोटो पाठवून विचारलंय. वाट पाहू नका. बियांपासून वाढलेली ही झाडं फुलायला बरीच वर्षं घेतात, आणि ओळख तर आजही पटते.

दोघांचीही पानं बारीक पर्णिकांची म्हणजे छोट्या पात्यांची, दोनदा विभागलेली: मधल्या देठाला उपशाखा आणि त्या उपशाखांवर पर्णिका. त्यामुळे पानाच्या एकूण रूपावर जाऊ नका, पान फांदीला कुठे जोडलंय ते बघा. नीलमोहराची पानं जोडीने, समोरासमोर येतात. गुलमोहराची एकाआड एक: एक या बाजूला, पुढचं थोडं वर, दुसऱ्या बाजूला. माझ्या मते ही सगळ्यात भरवशाची खूण, कारण ती बारा महिने तपासता येते. पानं गळालेली असली तरी देठांचे वण फांदीवर तसेच समोरासमोर किंवा एकाआड एक दिसतात.

दुसरी खूण पर्णिकांच्या टोकाशी. पानाची कोणतीही एक उपशाखा हातात घ्या. नीलमोहरात तिच्या शेवटी एकटी पर्णिका असते, बाकीच्यांपेक्षा लांब आणि टोकदार. गुलमोहरात शेवटही जोडीनेच होतो आणि पर्णिकांची टोकं गोलसर असतात.

तुमच्या तिसऱ्या फोटोत मात्र उत्तर स्पष्टच आहे. देठ फांदीला मिळतो तिथे दोन्ही बाजूंना छोटी, कातरलेली हिरवी पानं दिसतायत ना? ती उपपर्णं. जोमाने वाढणाऱ्या कोवळ्या फांदीवर ती ठळक दिसतात, पुढे गळून जातात. नीलमोहराला उपपर्णं नसतातच. तेव्हा तुमचं झाड गुलमोहरच, शास्त्रीय नाव डेलोनिक्स रेजिया, मूळ मादागास्करचा.

पिवळ्या फुलांचा पीतमोहरही यात गोंधळ घालतो. त्याचीही पानं एकाआड एक, पण पर्णिका जरा मोठ्या आणि कोवळ्या फांद्यांवर, कळ्यांवर गंजाच्या रंगाची मखमली लव. तशी लव तुमच्या फोटोंत कुठेच नाही.

जवळपास मोठी झाडं असतील तर शेंगांकडेही बघा. गुलमोहराची शेंग चपटी, कडक, हातभर लांब, महिनोन्‌महिने लटकत राहते. पीतमोहराची बोटभर, दोन्ही टोकांना निमुळती, तांबूस. नीलमोहराला लांब शेंग येतच नाही. त्याचं फळ गोलसर, चपटं, लाकडासारखं, वाळल्यावर टाळांच्या जोडीसारखं उघडतं आणि आतून पातळ पंखांच्या बिया उडतात. फुलांवर तर शंकाच उरत नाही. नीलमोहराचं फूल जांभळट निळी नळी, गुलमोहराच्या पाच सुट्या पाकळ्यांपैकी चार लालभडक आणि पाचवी उभी, पांढरट-पिवळी, लाल रेघांची. ही पाचवी पाकळी एकदा हातात घेऊन नीट बघाच, फार देखणी असते.

आता झाड गुलमोहर निघालं म्हणून काळजीची एक गोष्ट. त्याची मुळं उथळ पसरतात, फरशी उचलतात, आणि छत्री उंचीपेक्षा रुंद होऊ शकते. फांद्याही वाऱ्यात मोडतात. भिंतीला किंवा पाण्याच्या पाइपला लागून लावलं असेल तर आत्ताच, खोड बारीक आहे तोवर, मातीच्या गोळ्यासकट मोकळ्या जागी हलवा. जागा आधीच मोकळी असेल तर त्याला हात लावू नका.