आमची मुलगी फ्रान्समध्ये सिझिएमला (तिथल्या माध्यमिक शाळेचा पहिला वर्ग, साधारण आपली सहावी) जाणार आहे. शाळेने दिलेली साहित्याची लांबलचक यादी पूर्ण विकत घ्यावीच लागते का?

नाही, यादीतलं सगळं शाळा उघडायच्या आत आणि नवंकोरं घ्यावं लागत नाही. आमची मुलं इथल्याच सरकारी शाळांत शिकली, त्यावरून सांगतो. तुमची मुलगी सिझिएमला जाणार म्हणजे प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, आणि त्यांतले बरेच जण नेमकं काय हवं ते पहिल्या आठवड्यात वर्गातच सांगतात. तोवर पेनं, गोंद, सुटे कागद आणि दोन-चार वह्या पुरतात. कात्री, पट्टी, कंपास गेल्या वर्षीचेच चालतात. पाठ्यपुस्तकं सरकारी शाळा वापरायला देते, ती घेऊ नका.

वह्यांचं मात्र यादीत लिहिलंय तसंच घ्या. २४ × ३२ सेंमी म्हटलं असेल तर तेच माप, आणि ‘ग्रां कारो’ म्हणजे उभ्या रेघा ८ मिमीवर आणि आडव्या २ मिमीवर अशी आखणी. भारतातून आणलेल्या एकरेघी वह्या इथे कामाला येत नाहीत, उगाच बॅगेत वजन करू नका.

खर्चासाठी ‘काफ’कडून (कुटुंबांना भत्ते देणारं इथलं कार्यालय) ६ ते १८ वयाच्या मुलांसाठी ऑगस्टमध्ये शालेय भत्ता मिळतो. २०२५ मध्ये ११ ते १४ वयोगटासाठी तो ४४६ युरोंच्या वर होता. तुमचं काफमध्ये खातं असेल तर या वयाला वेगळा अर्ज लागत नाही. पण उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि ती दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर पाहतात.