बासरी येत असेल तर जपानी शाकुहाची शिकायला सोपी जाते का?

बोटांचं काम सोपं, फुंकीचं नाही. शाकुहाची ही बांबूची जपानी बासरी; तिला भोकं पाचच: चार पुढे, एक मागे अंगठ्याला. सगळी एकेक करून उघडत गेलात तर नेहमीच्या मापात स्वर शोधत बसावं लागत नाही, थेट सा, कोमल ग, म, प, कोमल नि मिळतात. म्हणजे आपल्या धानी रागाचेच स्वर! हे नेहमीचं माप १.८ शाकू (लांबीचं जपानी एकक), साधारण ५४.५ सेंमी.

खरी गोची तोंडाशी. ही उभी धरायची, आणि वरच्या टोकाला फक्त एक तिरका काप असतो. हनुवटीने नळीचं तोंड बरंचसं झाकून त्या धारेवर श्वास सोडायचा. बासरीची फुंक पक्की होती, तरी माझे पहिले चार दिवस नुसती फुसफुस झाली. मधले स्वर भोकं अर्धवट झाकून आणि मान खाली घालून निघतात, त्याला 'मेरी' म्हणतात. मान वर केली की 'कारी'. जपानीत म्हणच आहे, मान हलवायला तीन वर्षं.

पारंपरिक रचना, म्हणजे होनक्योकू, लगेच हातात घेऊ नका. फुके या झेन बौद्ध पंथाचे कोमुसो भिक्षू डोक्यावर विणलेली टोपली घालून त्या वाजवत फिरायचे. १८७१ मध्ये सरकारने पंथच बंद केला. या रचनांत ठेका नाही, एका श्वासाला एक ओळ. आलापाची सवय असेल तर हे पटकन रुचेल, पण तबल्याची वाट बघू नका.

सुरुवातीला रोज दहा मिनिटं फक्त 'रो', म्हणजे सगळी भोकं बंद ठेवून निघणारा स्वर.