वाचकांचे सवाल: वावरातलं ब्लूटूथ, गायीचा टॅग आणि कानाची मशीन

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं, ब्लूटूथ-बिब्लूटूथबद्दल जे विचारायचं ते विचारा, पुढं काय येणार तेही विचारा. पत्रं बरीच आली, त्यातली चार घेतो.

सवाल: भाऊ, आमचं वावर घरापासून दीड किलोमीटर. रात्रीची लाईन असली का दोन वाजता उठून मोटर चालू कराले जा लागते. दुकानदार म्हणते आता ब्लूटूथ ५ आलं, रेंज चारपट झाली. स्टार्टरले ते बसवलं तं घरूनच मोटर चालू होईन का?
— एक कास्तकार, दर्यापूर तालुका

उत्तर: नाही होणार भाऊ, आणि पुढं कधी होईल म्हणून थांबूनही राहू नका. दुकानदार साफ खोटं बोलला असं नाही, २०१६ मध्ये ब्लूटूथ ५ आलं त्यात लांब पल्ल्याचा एक प्रकार खरंच आहे, पण तो चालते कसा तर तोच निरोप जास्तीचे बिट लावून सावकाश पाठवायचा, म्हणजे वेग १ मेगाबिटवरून पार १२५ किलोबिटवर येते तेव्हा कुठं पल्ला वाढते. आणि हा प्रकार कंपनीनं टाकलाच पाहिजे असंही नाही, डब्यावर ५.३ छापलेलं असते अन् आत तो नसते, शिवाय तुमच्या फोनमध्येही पाहिजे. वरून मधात घरं, बाभळी, कमरेएवढी पऱ्हाटी. ओल्या पानातलं पाणी ब्लूटूथची २.४ गिगाहर्ट्झची लहर पिऊन टाकते, पावसाळ्यात तर विचारूच नका.

दीड किलोमीटरसाठी सिमवालं मोबाईल स्टार्टरच घ्या, टॉवर लागत असेल तर. नुसते ओलाव्याचे सेन्सर लावायचे असतील तर लोरा नावाचं दुसरं तंत्र आहे, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, आपल्याकडे तो पट्टा बिनपरवाना आहे, दोन-तीन किलोमीटर आरामात जाते पण डेटा थेंब-थेंब.

मग वावरात ब्लूटूथचा उपयोग काय, तर आहे. स्टार्टरच्या पेटीसमोर उभं राहून, पेटी न उघडता, ड्राय रन म्हणजे पाण्याविना मोटर चालणं किती सेकंदानं तोडायचं, ओव्हरलोड किती ॲम्पिअरवर, हे फोनवरून लावता येते. अंधारात टॉर्च तोंडात धरून थ्री फेजच्या पेटीत हात घालणाऱ्याला याची किंमत समजते, आत पाल निघते ती वेगळीच.

सवाल: गाय चरायला गेली की कधीकधी दोन-दोन दिवस जंगलातच राहते. पोरगा म्हणते गळ्यात टॅग बांधू, मोबाईलवर दिसेल. पैसे घालू का?
— अचलपूर तालुका, मेळघाटाच्या पायथ्याचं गाव

उत्तर: नका घालू. या टॅगमध्ये जीपीएस नसते, सिम नसते, तो फक्त ब्लूटूथवर "मी इथं आहो, मी इथं आहो" करत राहते आणि बाजूनं जाणाऱ्या कोणाच्या फोननं ऐकलं तर तो फोन आपली जागा कंपनीला कळवते. २०२१ चा ॲपलचा एअरटॅग ॲपलच्याच फोनच्या भरवशावर चालते, अँड्रॉइडवाल्यांचं असं जाळं २०२४ मध्ये सुरू झालं. म्हणजे परतवाड्याच्या बाजारात गाय हरवली तर सापडू शकते, मेळघाटात तिच्याजवळून वाघ गेला तरी त्याच्याजवळ फोन नसते.

पुढं काय येणार हे मात्र ऐकण्यासारखं आहे. अल्ट्रा-वाईडबँड, म्हणजे यूडब्ल्यूबी, हे ब्लूटूथहून वेगळं रेडिओ तंत्र सिग्नलला जायला-यायला किती वेळ लागला ते मोजून अंतर काढते, लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते, म्हणून चावी सोफ्याच्या कोणत्या बाजूला आहे इथपर्यंत सांगते. आयफोनमध्ये ते २०१९ लाच आलं. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्लूटूथ ६.० जाहीर झालं, त्यात ब्लूटूथनंच अंतर मोजायची सोय आहे, ती स्वस्त फोनमध्ये उतरली की गाडी, कुलूप, टॅग सगळ्यात दिसेल. माझ्या मते पुढची सगळी गंमत याच्यातच आहे, वस्तू किती दूर आहे ते नेमकं समजणं, दूरवर पोहोचणं नाही. तुमच्या गायीला मात्र जीपीएस अन् सिमवाला पट्टाच पाहिजे. आणि तिच्या कानातला सरकारी पिवळा बिल्ला, तो १२ आकडी ओळख नंबर आहे फक्त, त्यात रेडिओ-बिडिओ काही नाही.

सवाल: आठवडी बाजारात नेट नसते. फोनला फोन लावून पैसे जातात म्हणे?
— आर्णी

उत्तर: जातात. यूपीआय लाइट एक्स, सप्टेंबर २०२३ मध्ये आलं, दोन्ही फोनला एनएफसी, म्हणजे फोन फोनला टेकवून निरोप द्यायची सोय, पाहिजे आणि रक्कम छोटीच. पण स्वस्त फोनमध्ये एनएफसीच नसते, तिथंच घोडं अडते, म्हणून अजून काही दिवस नोटा ठेवाच खिशात.

सवाल: आजोबांना कानाची मशीन घ्यायची आहे. घरात बोललेलं ऐकू येते त्यांना, सप्ताहात कीर्तनाला बसले की म्हणतात नुसता गलका. महागातली घ्यावी का?
— वरुड

उत्तर: मंडपात आवाज कमी नसते, जास्तच असते. चार भोंग्यांचा घुमारा, टाळ, पोरांचा कल्ला, मशीन सगळंच मोठं करून कानात ओतते. यावर खरा इलाज आता येऊन राहिला, ऑराकास्ट नावाचा. जुन्या ब्लूटूथमध्ये फोन आणि हेडफोन अशी जोडी लावावी लागते, २०२२ मध्ये आलेल्या ऑराकास्टमध्ये एक ट्रान्समीटर मिक्सरला जोडला की मंडपातले कितीही जण आपापल्या मशीनवर थेट माइकचा आवाज घेऊ शकतात, आकाशवाणीसारखं. यातली एलसी३ ही आवाज दाबायची नवी पद्धत कमी डेटात तेवढाच स्वच्छ आवाज देते, त्यामुळं बॅटरीही कमी खाते. इअरफोनच्या जाहिरातीत गाणीच वाजवतात, पण मला विचाराल तर या सगळ्या प्रकारात सर्वात कामाची गोष्ट हीच आहे.

महाग की स्वस्त ते नंतर पाहा. आधी दुकानात एवढंच विचारा, यात ऑराकास्ट आहे का, नसेल तर अपडेटनं येईल का, आणि "येईल" म्हणाले तर बिलावर लिहून घ्या. गावात ट्रान्समीटर येईपर्यंत त्याच कंपनीचा क्लिपवाला छोटा माइक मिळतो का बघा, बऱ्याच मशीनला मिळते, तो कीर्तनकार महाराजांच्या उपरण्याला लावायचा आणि आजोबांना पुढच्या रांगेत बसवायचं, पहिल्या दिवशी महाराजांना आधी विचारून घ्या म्हणजे झालं.